ज्ञानूचा पक्का दात

बोरखडी गावात ज्ञानू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गाव दुसरा शब्द वापरत असे.

पूर्ण नाव ज्ञानदेव. बारशाच्या दिवशी पुढचं कुणाला कळतं?

ज्ञानूमध्ये एक मोठा गुण होता. तो सांगितलेलं ऐकायचा आणि ऐकलेलं विसरायचा नाही. शिकलेली गोष्ट तो जपून ठेवायचा आणि पहिली संधी मिळाली की वापरायचा. संधी कसली आहे, एवढंच तो बघत नसे.

त्याच्याकडे शेत होतं, विहिरीला बारमाही पाणी होतं, दारात म्हैस होती. बायको नव्हती. म्हणून त्याच्या आईने, पारूबाईने, आपल्या भावाला कामाला लावलं. बबनमामा चार गावं हिंडला आणि एक दिवस विडी शिलगावत म्हणाला, "ताई, मिळाली. करंजवण्याच्या दौलतरावांची धनश्री. नाकीडोळी नीटस आहे, भाकऱ्या छान थापते, आणि दहावीत आहे."

शेवटचे दोन शब्द मामा धुराबरोबर बोलला.

गणपती झाले आणि सगळे सुपारी फोडायला करंजवण्याला गेले. सुपारी फोडली की लग्न ठरलं. ताटात नारळ होता, हळकुंड होतं, सुपारी होती आणि शेजारी अडकित्ताही होता. धनश्रीचे वडील दौलतराव मिशीला पीळ देऊन म्हणाले, "जावईबापू, आमच्याकडे पहिला मान नवरदेवाचा. फोडा सुपारी."

ज्ञानूने सुपारी उचलली, तोंडात घातली आणि पुढच्या दातांनी जोर लावला.

कट्ट असा आवाज आला. बायका कौतुकाने हसल्या. ज्ञानूने तळहातावर दोन वस्तू काढून ठेवल्या. एक सुपारी. ती अख्खी होती. दुसरा त्याचा वरचा पुढचा दात.

"अरे मेल्या, अडकित्ता होता ना ताटात!" पारूबाई ओरडली.

"अडकित्त्याचं नाव कुणी घेतलं नाही," ज्ञानू म्हणाला. दात नसल्यामुळे वाक्यातून वारा येत होता.

दौलतरावांचा चेहरा उतरला. "हे अवघड झालं. लग्नात विडा तोडायचाय. नवरी पानाचा विडा दातात धरणार, नवऱ्याने दुसरं टोक दातानेच तोडायचं. आमच्या घराण्यात विडा तुटल्याशिवाय लग्न झालेलं नाही. आता हे काय हिरडीने तोडणार? चारचौघांत माझी मान खाली जाईल."

"कवळीसारखा एक दात बसवू की," मामा म्हणाला.

"काढघालीचा नको. विड्याबरोबर दातही नवरीच्या तोंडात गेला तर? पक्का हवा. हाडात बसवलेला. तो बसला की तारीख काढू."

सगळ्यांनी माना हलवल्या. दातावर अख्खी दुपार गेली. मुलगी दहावीत आहे यावर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

ज्ञानू चूळ भरायला मागच्या दारी गेला. धनश्रीने त्याला पाण्याचा तांब्या दिला.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"हो."

"मग दाताने का फोडली?"

"फोडा म्हणाले."

"कुणी म्हणालं म्हणून?"

"हो. तुला कुणी काही म्हणत नाही?"

धनश्रीने मागे वळून घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझी मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे. तोपर्यंत तुमचा दात बसला नाही तर फार बरं होईल."

ज्ञानूने मान डोलावली. मुलीला आपल्या दाताची काळजी आहे, हे त्याला फार आवडलं.

तालुक्याला दातांच्या डॉक्टर होत्या, शेखबाई. ज्ञानू, आई आणि मामा, तिघे त्यांच्याकडे गेले.

"तोंड उघडा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ज्ञानूने उघडलं. बाईंनी आरसा घालून पाहिलं, जबड्याचा फोटो काढला आणि मग आईला विचारलं, "वय किती यांचं?"

पारूबाई दचकली. "वय कशाला हवं बाई? दात बसवायचाय. लग्न थोडंच लावायचंय तुम्हाला!"

"दाताला वय लागतं, आजी," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "याला इम्प्लांट म्हणतात. हाडात स्क्रू बसवतात, तो हाडाशी एकजीव झाला की वर दात. वाढीच्या वयात तो बसवत नाहीत. बाकीचा जबडा वाढत राहतो आणि हा दात होता तिथेच अडकतो. पुढे जन्मभराचा त्रास. वाढ पूर्ण झाल्यावरच बसवायचा."

"अठ्ठावीस," आई म्हणाली.

"मग हरकत नाही. साखरेचा त्रास? विडी, तंबाखू? हिरड्यांतून रक्त? नाही ना? छान. कायमची गोष्ट बसवण्याआधी मी हे सगळं विचारते म्हणजे विचारतेच. कुणी कितीही घाई करू दे."

बबनमामाने खुर्ची पुढे ओढली. "मग माझेही चार बसवून टाका. दाढा गेल्यात."

"विडी ओढता?"

"मोजकीच." मामाच्या कानावर एक खोचलेली होती. दुसरी खिशातून डोकावत होती.

"साखर?"

"आहे थोडी. पण मी तिच्याकडे लक्ष देत नाही."

"आधी साखर आटोक्यात आणा, विडी सोडा, मग या. धुरात आणि बेफिकिरीत बसवलेला दात टिकत नाही."

मामाने खुर्ची होती तिथे नेऊन ठेवली.

"आणि ह्याचा किती वर्षं टिकेल?" आईने विचारलं.

"नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं सहज. कित्येकांचा त्याहून जास्त. वरचा भाग मध्ये कधीतरी बदलावा लागेल. आणि दुर्लक्ष केलं तर दोन वर्षांतही हातात येईल. फोटोत हाड जरा कमी दिसतंय, तिथे मी हाडाची पूड भरीन. हाड भक्कम असेल तिथेच बसवलेलं टिकतं."

ज्ञानूने एकेक शब्द मनात ठेवला. घरी परत येताना एस्टीत शेजारचा माणूस त्याच्याकडे टक लावून बघत होता. शेवटी आईचं लक्ष गेलं.

"अरे, तोंड का उघडं ठेवलंयस?"

"उघडा म्हणाल्या. मिटा कुणी म्हणालंच नाही."

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी पूड भरली, स्क्रू बसवला आणि बजावलं, "आता यावर तीन-चार महिने काही बसवायचं नाही. जोर द्यायचा नाही. आधी रुजू द्यायचं."

ज्ञानू घरी आला. आई म्हणाली, "गोठ्यातला खुंटा कुजलाय रे. नवा ठोक आणि म्हैस बांध."

ज्ञानूने नवा खुंटा ठोकला. मग खुंट्यापाशी मांडी घालून बसला. म्हैस मोकळी होती. ती आधी दारातल्या तुळशीपाशी गेली, मग सरपंचांच्या मळ्यात गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथला अर्धा लसूणघास खाऊन बसली. सरपंच शिव्या देत आले.

"म्हैस का नाही बांधलीस?" आईने विचारलं.

"खुंटा आजच बसवलाय. तीन-चार महिने जोर द्यायचा नाही. आधी रुजू द्यायचा."

पारूबाईने कपाळावर हात मारला. "अरे ज्ञानू, ते दाताचं होतं! लाकूड रोवलं की म्हैस लगेच बांधायची असते."

"बरं," ज्ञानू म्हणाला. "लाकूड रोवलं की म्हैस लगेच."

दिवाळीला बबनमामा बहिणीकडे राहायला आला. ओसरीवर पाय पसरून त्याने विडी पेटवली. पहिलाच झुरका घेतला आणि कुणीतरी अख्खी बादली त्याच्या डोक्यावर ओतली.

"काय रे हे?" मामा ठिबकत उभा राहिला.

"धुरात दात टिकत नाही."

"माझा कुठे दात बसवलाय गाढवा!"

"म्हणूनच ना मामा. तुम्ही ओढता म्हणून नाही बसवला."

मामाने भिजलेली विडी भिरकावली. तो नुसता ओरडला, "दुसऱ्याच्या धुरात नाक खुपसू नये! आपल्याला सांगितलंय तेवढंच आपण बघावं!"

"बरं," ज्ञानू म्हणाला आणि मामाला कोरडं धोतर आणून दिलं. त्याच्या मनात कुणाबद्दल राग नव्हता. रागावायला कुणी सांगितलंही नव्हतं.

दौलतरावांचा फोन दर आठवड्याला यायचा. "रुजला का?" ते विचारायचे. मुलीच्या सराव परीक्षा सुरू होत्या, ते त्यांना कुणी विचारलं नाही. धनश्रीही एकदा वडिलांच्या नकळत फोनवर आली. "बसला का दात?" तिने विचारलं. ज्ञानू म्हणाला, "अजून रुजतोय." तिकडून हुश्श ऐकू आलं.

पण ज्ञानूचं हाड चांगलं निघालं. जानेवारी संपता संपता दात बसला. पांढरा, सरळ, बाकीच्या दातांना लाजवणारा. दौलतरावांनी स्वतः येऊन तो बोटाने हलवून पाहिला. हलला नाही. त्यांनी लगेच फेब्रुवारीतली तारीख धरली. परीक्षेच्या आधीची. परीक्षेनंतर निकाल लागतो आणि मग मुली ऐकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. लग्न मुलाच्या दारात ठरलं. मुलीच्या गावात शाळा होती आणि शाळेत चौकशी करणाऱ्या बाई होत्या.

लग्नाला थोडेच दिवस उरले. मुहूर्तमेढ रोवायची वेळ आली. मांडवाचा हा पहिला खांब. त्याला हळद-कुंकू लावतात, आंब्याचे टाळे बांधतात, पूजा करतात आणि त्याच्या आधाराने बाकीचा मांडव घालतात. भटजी आले होते. ज्ञानूने त्यांना बाजूला घेतलं.

"गुरुजी, लग्न किती वर्षं टिकतं?"

"सात जन्म," भटजी म्हणाले.

"एवढं? डॉक्टरबाई पंधरा-वीस वर्षं म्हणाल्या. आणि वरचा भाग मध्ये बदलावा लागेल म्हणाल्या."

"वरचा भाग म्हणजे?"

"ते मला नाही माहीत. तुम्ही बघा तुमच्याकडे कोणता निघतो ते."

भटजींनी शेंडीला हात लावून खात्री करून घेतली आणि पूजा जरा घाईने उरकली.

बायकांनी मेढीला हळद लावली, गाणं म्हटलं आणि त्या चहाला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा मेढीला म्हैस बांधलेली होती. तिने आंब्याचे टाळे खाल्ले होते. बायकांनी आरडाओरडा केला तशी ती उधळली आणि मेढ उपटून गावभर फिरवून आली.

"अरे कर्मा! म्हैस का बांधलीस?"

"लाकूड रोवलं की म्हैस लगेच."

"अरे, ते खुंट्याचं होतं!" पारूबाई मटकन खाली बसली. "हे बघ. मेढ परत रोव. चांगली भक्कम रोव. टिकली पाहिजे. आणि ज्ञानू, हात जोडते बाबा. यापुढे काही बसवायचं झालं ना, तर त्या डॉक्टरबाई विचारतात तसं आधी सगळं विचारून घेत जा. आणि मगच बसव!"

"बरं," ज्ञानू म्हणाला. दोन्ही गोष्टी त्याने मनात पक्क्या केल्या.

बसवलेलं टिकायला काय लागतं, हे त्याला ठाऊक होतं. तो खाटकाकडे गेला, पोतंभर हाडं घेऊन आला, मेढीच्या खड्ड्यात भरली, वरून माती दाबली. मेढ चांगली ताठ उभी राहिली. सगळ्यांनी ज्ञानूचं कौतुक केलं. हाडांचं त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी मांडव भरला. सरपंच पहिल्या रांगेत बसले. मामाने नवा फेटा बांधला. मांडवाला चारी बाजूंनी कर्णे लावले होते. पुढच्या ताटात चांदीचा वर्ख लावलेला विडा ठेवला होता आणि दौलतराव येणाऱ्या प्रत्येकाला आधी विडा, मग जावयाचा दात दाखवत होते.

अंतरपाट धरला. इकडे ज्ञानू, तिकडे धनश्री. तिचे डोळे सुजलेले होते. मुलीचं घर सुटताना असं होतंच, असं बायका एकमेकींना सांगत होत्या. भटजींनी माईक हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "सावधान."

सावधान म्हटल्यावर ज्ञानू सावध झाला. त्याला आईचं वाक्य आठवलं.

"गुरुजी, थांबा," तो म्हणाला. "हे कायमचं आहे ना?"

"सात जन्मांचं," भटजी माईकमधून म्हणाले.

"मग विचारायचं राहिलंय." ज्ञानू अंतरपाटाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "साखरेचा त्रास आहे का?"

माईक जवळच होता. प्रश्न चारी कर्ण्यांतून गावभर गेला. मांडवात हशा पिकला.

"नाही," पलीकडून आवाज आला.

"विडी, तंबाखू?"

"नाही." आता पोरंटोरंही हसायला लागली. मामा हसून हसून फेटा सावरत होता.

"हिरड्यांतून रक्त?"

"नाही."

"वय किती?"

हसणं थांबलं. मांडवाच्या मागे कुत्री कशावरून तरी गुरगुरत होती, तेवढं ऐकू येऊ लागलं.

"अठरा पूर्ण!" दौलतराव ओरडले. "गुरुजी, म्हणा पुढे!"

"तुम्ही नका सांगू," ज्ञानू म्हणाला. "डॉक्टरबाईंनी माझ्या आईलाही विचारलं, पण फोटो माझा काढला. जिचं बसवायचंय तिने सांगायचं."

अंतरपाटावरून एक हात वर आला. मेंदी लावलेला. त्याने भटजींच्या हातातला माईक जरा खाली ओढला.

"सोळावं चालू आहे," धनश्री म्हणाली. "मार्चमध्ये दहावीची परीक्षा आहे."

हेही चारी कर्ण्यांतून गेलं.

ज्ञानूने निराशेने मान हलवली. "मग नाही बसवता येणार. वाढ चालू आहे. आता बसवलं तर बाकीचं सगळं पुढे वाढतं आणि हे होतं तिथेच अडकतं. पुढे जन्मभराचा त्रास. वाढ पूर्ण झाल्यावरच."

"अरे ज्ञानू!" आई, मामा आणि दौलतराव एकदमच ओरडले. "ते दाताचं होतं!"

ज्ञानू गोंधळला. "मग हे कशाचं आहे? दात नव्हता तेव्हा लग्न होत नव्हतं. दात बसला तेव्हा तारीख निघाली. विडाही दातानेच तोडायचा."

याला कुणाकडे उत्तर नव्हतं. दौलतरावांकडे हात होता. त्यांनी पुढे होऊन ज्ञानूच्या तोंडावर एक सणसणीत ठेवून दिली.

नेमकी तेव्हाच मागची कुत्री शेवटच्या हाडापर्यंत पोचली. मेढ एकदा डुलली, दुसऱ्यांदा वाकली आणि तिच्यामागून अख्खा मांडव, कनाती, झालरी, कर्णे आणि फुगे, सगळ्यांच्या डोक्यावर येऊन बसला.

कापडाखालून माणसं एकेक करून बाहेर आली आणि थेट आपापल्या गाड्यांकडे गेली. मुलीचं वय तसं सगळ्यांनाच माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कर्ण्यातून ऐकणं वेगळं. गावातले दोन-तीन जण मोबाईलवर चित्रण करत होते. सरपंच त्यातल्या एकाजवळ जाऊन म्हणाले, "मी लग्नाला नव्हतो आलो. म्हशीच्या नुकसानीचं विचारायला आलो होतो." भटजी म्हणाले की आपण तर फक्त सावधान म्हणालो. मामा विडी पेटवायला गेला, ज्ञानूकडे पाहिलं आणि पुन्हा कानावर खोचली. दौलतरावांनी मुलीला टेम्पोत बसायला सांगितलं. आता तिला घरी नेण्यावाचून दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सगळ्या तालुक्याने ऐकलं होतं. करंजवण्याच्या शाळेपर्यंत ते टेम्पोच्या आधी पोचलं असणार.

धनश्री कापडाखालून निघाली. मुंडावळ्या एका कानावर लोंबत होत्या.

"दात?" तिने ज्ञानूला विचारलं.

ज्ञानूने बोटाने एकेक हलवून पाहिला. "बसवलेला पक्का आहे. शेजारचे माझे दोन हललेत."

धनश्री हसली. मग टेम्पोत चढली आणि सामानातून एक पुस्तक काढून बसली. तिने ते लुगड्याच्या घडीत लपवून आणलं होतं.

मार्चमध्ये तिने परीक्षा दिली. बोरखडीत अजूनही चार माणसं जमली की गोष्ट निघते. मांडवात उभी राहिलेली नवरी घालवणारा असा मूर्ख उभ्या पंचक्रोशीत झाला नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्यात सरपंच असतात, भटजी असतात, मामाही असतो. मांडवात तेव्हा गावातली झाडून सगळी शहाणी माणसं होती, हेही ते आवर्जून सांगतात.

आणि ज्याच्यासाठी एवढा दात बसवला, तो विडा?

तो ताटातच राहिला होता. म्हशीने खाल्ला, वर्खासकट. म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. तिचं काही अडलं नाही.